विचारा की काका : पणजीच्या बोटीवर पोकर खेळायला जाऊया काय?

मागच्या अंकात पत्त्यांवर सहज चार ओळी लिहिल्या आणि त्यावर इतके मेसेज आले की माझा फोन दोनदा हँग झाला. सगळ्यांचा रोख एकच, पणजीचा कॅसिनो आणि पोकर. म्हणून या वेळी मूळव्याध, भाडेकरू, सातबारा सगळं बाजूला ठेवून फक्त पत्ते.

प्रश्न : काका, आम्ही चौघं दोस्त टिळकवाडीतले. गणपतीत रात्रभर तीन पत्ती, बाकी वर्षभर मोबाइलवर पोकर. मागं ते ॲप बंद पडलं. आता लाइव्ह खेळूया म्हणून पुढच्या महिन्यात चोर्ल्यावरून पणजीला जाऊलालोय. किती पैसे घेऊन जावं आणि तिथं नक्की काय काय होतंय ते सांगा की, येड्यासारखं दिसायला नको.

उत्तर : ॲप तुमचं एकट्याचं नाही, सगळ्यांचंच बंद पडलंय, ऑगस्ट 2025 मधे केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला त्यात पोकरपण गेलं. कर्नाटकात कॅसिनो नाहीत, त्यामुळं आपल्या भागाला जवळचं म्हणजे पणजी. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी करत गेलं की मांडवीत बोटी उभ्याच आहेत. ही मांडवी म्हणजे आपल्याच खानापूर तालुक्यातून निघालेली म्हादई बरं का, पाणी तिकडं जातंय म्हणून आपण भांडतो आणि मागोमाग पैसे घेऊन आपणच जातो.

तर तिथं काय होतंय. काठावरच्या काउंटरवर ओळखपत्र दाखवायचं, पॅकेज घ्यायचं, हाताला पट्टी बांधतात आणि छोट्या बोटीतून मोठ्या बोटीवर नेतात. पॅकेजमधे बहुतेक जेवण असतं, दारू असते आणि थोडी कुपनं असतात, ती फक्त खेळायची, त्याचे पैसे करून मिळत नाहीत. शनिवार-रविवारी दर जास्त. हाफपँट आणि चप्पल घालून जाऊ नका, दारातनं परत पाठवतात. आणि निघायच्या आधी फोन करून विचारा की पोकरचं टेबल आहे काय, कधी सुरू होतं आणि कमीत कमी किती रुपये घेऊन बसावं लागतं. पोकर प्रत्येक बोटीवर असेलच असं नाही, आणि संध्याकाळी सातला गेलात तर टेबलच भरलेलं नसतं, मग वाट बघत बघत लोक रुलेटवर, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर बसतात आणि पोकरचे पैसे पोकरच्या आधीच संपवतात. हे मी डोळ्यानं बघितलंय.

आता महत्त्वाचं. रुलेट, अंदर-बाहर हे सगळं कॅसिनोविरुद्ध असतं. पोकर तसं नाही. तिथं तुम्ही शेजारी बसलेल्या माणसाशी खेळता, कॅसिनो फक्त टेबल देतो, पत्ते वाटायला माणूस देतो आणि प्रत्येक डावातून आपला कट काढून घेतो. टेबलवर नऊजण आहेत, तासाला 25 ते 30 डाव होतात, त्यातले वीस डाव जरा मोठे झाले आणि डावात मधे जमलेले पैसे, म्हणजे पॉट, सरासरी 4,000 धरला, कट पाच टक्के धरला, तर डावाला 200 आणि तासाला 4,000 टेबलवरून उठून गेले. पाच तासांत वीस हजार. म्हणजे सगळे एकाच ताकदीचे असले तरी उठताना प्रत्येकाचे बावीसशे कमीच. हे आकडे मी उदाहरण म्हणून घेतलेत, खरा कट बसण्याआधी विचारून घ्या, विचारायला लाज कसली, मार्केटात वांगी घेताना आपण दहा वेळा विचारतोच की.

म्हणूनच सांगतो, चौघं एकाच टेबलवर बसू नका. तुमचेच पैसे तुमच्याच चौघांत फिरणार आणि दर फेरीला त्यातनं कट जाणार, त्यापेक्षा टिळकवाडीत तुमच्या गच्चीवर बसा, कट तरी वाचतोय. शिवाय डाव चालू असताना एकमेकांशी मराठीत, कानडीत बोललात तर बाकीच्यांना वाटणार हे मिळून खेळतायत. पोकर रूममधे डावाच्या वेळी टेबलला कळेल अशाच भाषेत बोलावं लागतं. हातात पत्ते असताना फोन पण नको.

आणि एक बारीक गोष्ट, पहिल्यांदा जाणारे शंभर टक्के इथं फसतात. कुणीतरी 200 लावलेत, तुम्हाला वाढवून 1,000 करायचेत, तुम्ही तोंडानं काही न बोलता हजाराची एक चिप टाकता. ते रेज, म्हणजे वाढवलं, असं धरत नाहीत, कॉल, म्हणजे समोरच्याएवढेच लावले, असं धरतात, 800 परत देतात. आधी तोंडानं 'रेज' म्हणायचं, मग चिप टाकायची. तसंच थोड्या चिप्स पुढं सरकवून, समोरच्याचा चेहरा बघून परत थोड्या सरकवायच्या, हे पण चालत नाही. आणि तोंडातून निघालं ते निघालं, आपला नंबर आल्यावर 'ऑल इन', म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स लावल्या, असं चेष्टेत म्हणालात तरी ते खरंच. आपल्याकडं तीन पत्तीत 'चाल चाल' करत ओरडायची जी सवय आहे ना, ती घरी ठेवून जा.

पैशाचं म्हणाल तर आकडा मी सांगणार नाही, गेले तर पुढच्या महिन्याच्या हप्त्याला हात लागणार नाही एवढेच घ्या आणि एटीएम कार्ड गाडीत ठेवा, खरं म्हणजे घरीच ठेवा. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी लावावेच लागणारे पैसे, 100-200 चे असतील तर 20,000 घेऊन बसणारा नीट खेळू शकतो, 5,000 घेऊन बसलेला दोन डावांत घाबरून चुका करतो. तेवढे नसतील तर त्या टेबलवर बसूच नका. त्यापेक्षा टूर्नामेंट असेल तर ती बघा, एकदा फी भरली की त्यापेक्षा जास्त जात नाही. फक्त बाहेर पडल्यावर पुन्हा फी भरून आत शिरायची सोय असते, त्या सोयीला बळी पडू नका, तिथंच दोस्त लोक तिप्पट फी भरून बसतात.

प्रश्न : मी खानापूरचा, वय 20. माझा मेव्हणा म्हापशाचा आहे, तो म्हणाला मी ओळखीनं आत नेतो. जमेल काय?

उत्तर : नाही जमणार, तुम्हालाही आणि मेव्हण्यालाही. 21 पूर्ण झाल्याशिवाय आत सोडत नाहीत. आणि फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या सरकारनं गोंयकारांनाच कॅसिनोत खेळायला बंदी केलीय, हे सगळं बाहेरून येणाऱ्यांसाठी. थोडक्यात वर्षभरानं तुम्ही आत जाल आणि पाव्हणा काठावर मिरामारला भेळ खात बसेल.

प्रश्न : काका, निपाणीहून विचारतोय. तीन पत्ती मला चांगली येते, पोकर म्हणजे तेच पाच पत्त्यांचं ना? वेगळं शिकायची काय गरज?

उत्तर : दादा, हा प्रश्न मला पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी विचारायला पाहिजे होता. तेव्हा मी बँकेत होतो, ब्रँचमधले सहाजण मिळून गेलेलो. मला वाटलं आपण आयुष्यभर पत्ते पिसलेत, हे काय अवघड.

पोकरमधे प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलवर सगळ्यांसाठी मिळून पाच उघडतात, या सातातले चांगले पाच धरायचे. माझ्या हातात किल्वर अठ्ठी आणि इस्पिक नव्वी. टेबलवर तीन पत्ते उघडले, बदाम छक्की, बदाम सत्ती, किल्वर दश्शी. म्हणजे सहा ते दहा सरळ सिक्वेन्स तयार. अंगावर काटा. मी लावले, समोर एक चष्मेवाला शांत माणूस होता त्यानं कॉल केलं. चौथा पत्ता बदाम दुर्री. टेबलवर तीन बदाम झाले, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण डोक्यात तीन पत्ती, सिक्वेन्स मोठा, कलर, म्हणजे सगळे पत्ते एकाच चिन्हाचे, तो लहान, त्याला कलर आला असेल तर बरंच की. मी अजून लावले. पाचवा इस्पिक बादशहा. सगळे ढकलले पुढं. त्यानं शांतपणे बदाम एक्का आणि बदाम चौकी उघडली, मी हसत माझे पत्ते दाखवले आणि चिप्स ओढायला हात पुढं केला. पत्ते वाटणारी डीलर पोरगी म्हणाली, सर, फ्लश, म्हणजे आपला कलर. मी तिला समजावून सांगायला लागलो की मॅडम हा सिक्वेन्स आहे. अख्खं टेबल गप्प. आमचा कॅशियर मागं उभा होता, तो अजून लग्नकार्यात भेटला की 'मॅडम हा सिक्वेन्स आहे' म्हणतो.

यामागं साधा हिशोब आहे आणि तो मी नंतर घरी येऊन केला, आधी करायला पाहिजे होता. तीन पत्ते काढायचे 22,100 प्रकार होतात, त्यात साधा सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096. म्हणजे सिक्वेन्स दुर्मिळ म्हणून तो मोठा. पाच पत्त्यांत उलटं होतं, सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. म्हणून पोकरमधे कलर वर. तसंच आपली ट्रेल, तीन एक्के म्हणजे तीन पत्तीत देव, पोकरमधे ती सिक्वेन्सच्याही खाली. तिच्यावर सिक्वेन्स, त्यावर कलर, त्यावर तीन आणि दोन असा फुल हाउस, त्यावर चार सारखे, मग प्युअर सिक्वेन्स.

दुसरा फरक सवयीचा. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणारा मर्द समजतात, न बघता चाल देत राहायचं. पोकरमधे बहुतेक डाव टाकायचे असतात, दहातले सात-आठ डाव बघून गप्प फोल्ड. कंटाळा येतो. तो कंटाळाच लोकांना महाग पडतो, कारण एवढा घाट उतरून आलोय तर खेळायला नको काय असं वाटायला लागतं. हातात दोन एक्के यायची शक्यता 221 डावांत एकदा. तासाला 27 डाव धरले तर आठ तास बसलात की एकदा. हातात जोडी असली तर टेबलवरच्या पहिल्या तीन पत्त्यांत तिसरा सारखा यायची शक्यता साधारण साडेआठात एक. चार बदाम जमलेत आणि अजून दोन पत्ते उघडायचेत तर पाचवा बदाम येईल ही शक्यता 35 टक्के, म्हणजे तीनातनं दोनदा येत नाही. एवढं पाठ करा आणि मग जा.

प्रश्न : जिंकलो तर टॅक्स किती कापतात? (अनगोळ)

उत्तर : आधी जिंका. जिंकलेल्या रकमेवर सरळ 30 टक्के आणि वर सेस, तुमचा स्लॅब कुठलाही असो, पेट्रोल-लॉजचा खर्च वजा होत नाही. शिवाय कॅसिनोवरचा जीएसटी 2023 मधे चिप्सच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के झाला आणि सप्टेंबर 2025 पासून 40. त्यामुळं काउंटरवर एकच विचारायचं, मी इतके रुपये दिले तर हातात किती चिप्स येणार.

प्रश्न : काका, शहापूरहून लिहितेय, नाव छापू नका. आमचे हे दर पंधरा दिवसाला पणजीला जातात. आधी धंद्याचं काम म्हणायचे, आता सरळ सांगतात पोकरला जातोय म्हणून. काही बोललं की म्हणतात हा जुगार नाही, डोक्याचा खेळ आहे, कोर्टानं सांगितलंय. गेल्या महिन्यात माझ्या भिशीचे पैसे घेऊन गेले. मी काय बोलू?

उत्तर : वहिनी, ते कोर्टाचं अर्धं खरं आहे. 2013 मधे कर्नाटक हायकोर्टानं पोकर कौशल्याचा खेळ म्हणून खेळला तर लायसन्स लागत नाही असं म्हटलं होतं. पण 2017 मधे गुजरात हायकोर्टानं तोच खेळ नशिबाचा ठरवला. म्हणजे कोर्टांचंच एकमत नाही, तुमच्या घरात कुठनं होणार. आणि डोक्याचा खेळ आहे हे मी पण मान्य करतो, पण मग त्या टेबलवर सगळ्यात चांगलं डोकं कुणाचं, हा प्रश्न राहतोच. डोकं चालवून दर वर्षी पैसे घेऊन येणारे लोक आहेत, ते थोडे आहेत आणि ते प्रत्येक डाव लिहून ठेवतात.

भांडून काही होणार नाही, मी सांगतो, जुगारावरून भांडलं की माणूस रागानं परत जातो. भिशीचे पैसे मात्र वेगळे विषय, ते तुमचे नाहीत, बारा बायकांचे आहेत, ते उद्यापासून घरात ठेवू नका, भिशीतल्या दुसऱ्या कुणाकडं ठेवा आणि का ते त्यांना सांगा. एटीएमचा पिन बदला, एवढं तुमच्या हातात आहे.

आता एक ओळखायची खूण. पैसे गेले म्हणून ते भरून काढायला लगेच परत जाणं, किती गेले ते लपवणं, उसनं घेणं, यातलं काही दिसायला लागलं तर तो खेळ राहिला नाही, ते व्यसन झालं, आणि दारूसारखं त्यालाही डॉक्टर असतात. 14416 हा सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा टेलीमानस नंबर आहे, फुकट आहे, आधी तुम्हीच फोन करा, त्यांना फोन लावा म्हणून मागं लागू नका.

तोवर एक करा. शंभर पानी वही आणा, दुकानातली साधी. पहिल्या पानावर चार रकाने आखा, तारीख, नेले, आणले, पेट्रोल आणि राहणं. त्यांना सांगा, डोक्याचा खेळ आहे ना, मग हिशोब तुम्हीच लिहा, मी बघणार नाही, सहा महिन्यांनी आपण दोघं मिळून उघडूया. वही गाडीच्या कप्प्यात ठेवा. पेन पण ठेवा, नाहीतर पेन नव्हतं म्हणतील.