गेज बघून सही करू नका

प्रश्न : डिप्लोमा झाल्यावर मी अग्निसुरक्षेची कामं करणाऱ्या एका परवानाधारक एजन्सीत लागलो. पुढच्या महिन्यात सोलापुरात स्प्रिंकलर तपासणीचं एक दिवसाचं प्रशिक्षण आहे. आमच्यासारखे तपासनीस आणि अग्निशमन खात्याचे अधिकारी एकत्र असणार आहेत. तिथे तुम्ही शिकवता असं समजलं. येताना काय वाचून येऊ? – एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : वाचायचं तर नॅशनल बिल्डिंग कोड 2016 चा भाग 4 (आगीपासून सुरक्षेचा) आणि आयएस 15105 (स्प्रिंकलरचं भारतीय मानक) एवढं चाळून या. 2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदाही डोळ्याखालून घाला, कारण दर जानेवारी आणि जुलैत जो ‘बी फॉर्म’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, तुम्ही भरून देणार आहात तो त्याच कायद्यातून आलाय. पण त्याआधी जुने बूट आणि भिजले तरी चालतील असे कपडे घालून या. आपला अर्धा दिवस पंपरूममध्ये आणि पत्र्याखाली जाणार आहे.

मी या कामात पाइपफिटर म्हणून आलो, तपासनीस पुढे झालो. पहिल्या दोन-तीन वर्षांतली एक सही मला अजून टोचते. कापडाचं गोदाम होतं. अलार्म व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी वाहू लागलं की घंटा वाजवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, वरच्या गेजवर (दाब दाखवणाऱ्या घड्याळावर) काटा साडेसहा किलोवर उभा. मी आकडा लिहिला, सही केली, चहा घेतला आणि निघालो. सहा महिन्यांनी परत गेलो, तेव्हा बरोबरचे वयस्क अधिकारी म्हणाले, “शेवटच्या टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह उघड बघू.” उघडला. पाणी जोरात आलं, मग करंगळीएवढी धार झाली, मग नुसती हवा. खाली मेन व्हॉल्व्ह बंद होता. गळती काढायला कोणीतरी फिरवला होता आणि तो तसाच राहिला. माझ्या सहीच्याही आधीपासून. अलार्म व्हॉल्व्हची झडप एकाच दिशेने उघडते, त्यामुळे वरच्या पाइपात कोंडलेला दाब तसाच टिकतो आणि गेज बिचारं तो दाखवत राहतं. त्या गोदामात रात्री तीन माणसं झोपायची.

म्हणून आपल्या प्रशिक्षणात प्रत्येकाने स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह उघडायचा, अधिकाऱ्यांनीसुद्धा. आधी ड्रेन, म्हणजे खालचा पाणी सोडायचा व्हॉल्व्ह. ड्रेन बंद असताना गेज वाचा, मग तो पूर्ण उघडा, पाणी धो धो वाहत असताना पुन्हा वाचा. मागच्या खेपेचे दोन्ही आकडे शेजारी ठेवा. उभा दाब तोच आहे पण वाहता दाब दहा टक्क्यांच्या वर उतरला असेल, तर कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धवट मिटलाय किंवा पाइपात गाळ बसलाय. आपल्याकडे बोअरचं पाणी टाकीत जातं, क्षार धरतात, हे डोक्यात असू द्या. नंतर टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह. त्याचं तोंड एका हेडएवढंच (हेड म्हणजे छताखालची पाणी फवारणारी तोटी) असतं, म्हणजे तो उघडला की एक स्प्रिंकलर फुटल्यासारखंच होतं. एकाने तिथे उभं राहायचं, दुसऱ्याने घंटेजवळ, आणि किती सेकंदांनी घंटा वाजली ते लिहायचं. पंप आपोआप सुरू झाला का, तेही. ऑपरेटरने बटण दाबून सुरू केलेला पंप मी धरत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला जवळून दाखवणार आहे. लाल बल्बचा एक हेड तारेने बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडतो, वर जाळी, सगळ्यांच्या डोळ्यांना चष्मा, बाजूला थर्मामीटर. बल्बमधल्या द्रवात हवेचा एक बारीक बुडबुडा असतो. पाणी तापू लागलं की तो लहान लहान होत जातो, मोहरीएवढा, मग खसखशीएवढा, मग दिसेनासा होतो. पुढे 68 अंशांच्या आसपास टिचकी मारल्यासारखा आवाज येतो आणि काच फुटते. छताखाली याच क्षणी, काचेने अडवलेलं पाणी सुटतं. हे एकदा पाहिलं की हेडवर रंग का चालत नाही ते वेगळं सांगावं लागत नाही. दिवाळीत छत रंगवताना पेंटर हेडवरूनही ब्रश फिरवतो. रंगलेला हेड थिनरने पुसायचा नाही, बदलायचा. बल्बमधला द्रव ओघळून गेला असेल तरी बदलायचा. सुताचं तूस बसून जाड लोकर झालेली असते, तेही याच कारणासाठी काढायचं. उष्णता बल्बपर्यंत पोचायला उशीर लागला की आग तेवढी पुढे गेलेली असते.

आता खास आपल्या गावाचं. बल्बचा आकडा त्या जागेतल्या सर्वांत जास्त तापमानापेक्षा निदान 30 अंशांनी वर हवा. लाल 68 चा, म्हणजे त्याला छताजवळ 38 पर्यंतच जागा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा 43 वर जातो, मग यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याला लागून काय होत असेल? तिथे पिवळा 79 चा किंवा हिरवा 93 चा लागतो. अंदाजाने ठरवू नका. दुपारी तीनला पत्र्याखाली थर्मामीटर बांधा आणि आकडा फॉर्मवर लिहा. पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसचं ड्रॉइंग जसंच्या तसं इथल्या शेडवर चढवलेलं मी पाहिलंय.

तपासनीस आणि अधिकारी एकत्र का, असंही तुमच्या मनात आलं असेल. आपले पैसे मालक देतो, त्यामुळे ‘व्हॉल्व्ह बंद आढळला’ हे तीन शब्द लिहिताना हात थरथरतो. लिहा. वेळ लिहा, फोटो जोडा. आणि अधिकाऱ्यांनाही माझी विनंती असते की असा शेरा आला तर लिहिणाऱ्याच्या पाठीशी उभे राहा. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. त्या रस्त्याने जाताना मी आजही गाडी हळू करतो.

प्रश्न : आमच्या इमारतीत पालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. मधे अडचण झाली की वॉचमन आगीच्या टाकीतलं पाणी वर चढवतो. पुढच्या पाण्याला टाकी भरतेच. चालेल ना? – सोसायटीचे सचिव, होटगी रोड

उत्तर : चालणार नाही. पाण्याचे हाल मलाही माहीत आहेत, माझ्याही घरी पिंप भरूनच ठेवतो. पण आग पाण्याची पाळी बघून लागत नाही. प्लंबरला बोलावून जोडणी बदला : पालिकेचं पाणी आधी आगीच्या टाकीत पडावं आणि ती भरून वाहिलं की घरगुती टाकीत जावं. म्हणजे आगीची टाकी कायम भरलेली राहते, पाणीही शिळं होत नाही. घरगुती पंपाचा पाइप आगीच्या टाकीत उतरलेला असेल तर तो आजच काढा.

प्रश्न : एका ठिकाणी आग लागली तर सगळे स्प्रिंकलर एकदम सुटून चादरींचा सगळा माल भिजेल, अशी भीती वाटते. – एक कारखानदार, अक्कलकोट रोड

उत्तर : सिनेमात तसं दाखवतात. प्रत्यक्षात ज्या हेडचा बल्ब तापतो तोच सुटतो, शेजारचा कोरडा राहतो. नेहमीचा के-80 हेड एक बार दाबाला मिनिटाला 80 लिटर पाणी टाकतो. दाब जास्त असेल तर जास्त. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. गाठींची थप्पी हेडच्या खाली निदान दीड फूट मोकळं ठेवून लावा, नाहीतर पाणी पसरतच नाही. आणि आग पूर्ण विझल्याचं अग्निशमनवाल्यांनी सांगितल्याशिवाय कोणालाही व्हॉल्व्ह बंद करू देऊ नका. नंतर हेड बदलून व्हॉल्व्ह लगेच उघडा. त्यासाठी पंपरूममध्ये जादा हेडची पेटी लागते, 300 पेक्षा कमी हेड असतील तर किमान सहा, आणि सोबत त्याच मापाचा पाना. पेटीची किल्ली ऑफिसच्या कपाटात नको, रात्रपाळीच्या जॉबरकडे द्या.