कॉम्पिटन्सी बेस्ड मुलाखतीची तयारी कशी करावी? सांगण्यासारखं मोठं काही केलेलंच नाही.

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं सीएनसी शॉपमध्ये (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या विभागात) काम केलंय, आता एका मोठ्या कंपनीच्या क्वालिटी विभागाकडून 'कॉम्पिटन्सी बेस्ड इंटरव्ह्यू'चा मेल आलाय. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे आणि सात-आठ वर्षं अशा मुलाखतींच्या पॅनेलवर बसतो. तुमची अडचण जवळजवळ प्रत्येक उमेदवाराची असते.

या मुलाखतीत 'तुम्ही कसे आहात' असं विचारत नाहीत, 'तुम्ही काय केलंत' ते विचारतात. 'मुदत पाळणं अवघड झालं असा एखादा प्रसंग सांगा.' 'वरिष्ठांशी मतभेद झाले तेव्हा काय केलंत?' माणूस पुढे कसा वागेल याचा अंदाज तो आधी कसा वागला यावरून बांधायचा, हा यामागचा विचार. आमच्यासमोर कागद असतो, त्यावर टीमवर्क, ओनरशिप (काम आपलं मानून जबाबदारी घेणं), प्रॉब्लेम सॉल्व्हिंग असे गुण लिहिलेले असतात आणि तुमच्या उत्तरातून त्यांचे पुरावे शोधून आम्ही मार्क देतो. पुरावा नसेल तर इच्छा असूनही देता येत नाहीत.

आणि इथेच आपली मराठी मुलं मार खातात. शाळेतलं व्याकरण आठवा: प्रथमपुरुषी, एकवचनी, भूतकाळ. उत्तर त्यातच हवं. 'मी नेहमी सगळ्यांना सोबत घेऊन चालतो' ही झाली सवय. 'अशा वेळी मी साहेबांना सांगीन' ही झाली कल्पना. आणि सगळ्यात जास्त ऐकू येतं ते 'आम्ही'. स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई, असं आपल्याला घरात शिकवलेलं असतं. संस्कार चांगलाच आहे, पण पॅनेलला त्या 'आम्ही'त तुम्ही दिसत नाही.

सोलापूरकडचा एक डिप्लोमावाला मुलगा पंधरा मिनिटं 'आम्ही रिजेक्शन (खराब म्हणून नाकारले जाणारे नग) कमी केलं' एवढंच सांगत होता. मी विचारलं, 'त्यात तुम्ही काय केलंत?' थोडा थांबला. मग म्हणाला, सेकंड शिफ्टला बोअरचं, म्हणजे नगातल्या भोकाचं, माप गेजला (माप तपासायच्या साधनाला) लागेना, मी मशीन थांबवलं, सुपरवायझर ओरडले तरी मागचे तीस नग स्वतः मोजले, कुठून माप सरकलं ते शोधलं, इन्सर्ट (मशीनमधला कापणारा तुकडा) झिजलेला निघाला, संशयित नग लाल ट्रेमध्ये वेगळे ठेवले आणि पुढच्या शिफ्टला लिहून दिलं. एवढ्यात तीन गुणांचे पुरावे आले! त्याच्या लेखी ते 'काही विशेष नाही' होतं.

तुमच्याकडेही असे प्रसंग आहेत. आज वही घ्या आणि सहा-सात लिहून काढा: बिघाड, भांडण, चूक, घाईची डिस्पॅच, नव्या मुलाला शिकवलेलं काम. गणेश मंडळाचा हिशोब सांभाळला असेल तर तोही चालतो, पण नोकरीतला प्रसंग असेल तर तो आधी सांगा. मग मेलसोबत आलेली जाहिरात उघडून त्यातल्या प्रत्येक गुणासमोर एक प्रसंग मांडा. एकच प्रसंग दोन-तीन गुणांना चालतो.

सांगायचा क्रम 'स्टार' (STAR) नावाने ओळखला जातो: परिस्थिती (Situation), तुमच्यावरची जबाबदारी (Task), तुम्ही केलेली कृती (Action), निकाल (Result). बहुतेकांचा अर्धा वेळ परिस्थिती सांगण्यातच जातो. ती दोन वाक्यांत उरका आणि कृतीवर रेंगाळा. निकालात आकडा असेल तर सांगा, पण खराच सांगा, कारण 'कसं मोजलंत?' हा पुढचा प्रश्न आम्ही विचारतोच आणि बनवलेला प्रसंग दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला उघडा पडतो.

चुकीबद्दल विचारलं तर खरी चूक सांगा, 'मी फार मेहनत करतो' हे नको. काय चुकलं, कुणाला कळवलं, त्यानंतर कामात काय बदललं, एवढं पुरतं.

इंग्रजीची धास्ती असेल तर प्रसंग आधी मराठीत पक्के करा, मग छोट्या वाक्यांत इंग्रजीत आणा. पाठांतर करू नका. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. दोन-अडीच मिनिटांत संपायला हवं. आणि मुलाखतीत प्रसंग पटकन आठवला नाही तर 'थोडा विचार करून सांगतो' असं सरळ म्हणा. आम्ही थांबतो.