आठ महिने शिकवणी लावली, तरी तोंड उघडत नाही

"मॅडम, इंग्रजी वाचलेले कळते, मेलही लिहितो, पण समोर माणूस आला की तोंड उघडत नाही. आठ महिने एकट्यासाठी शिकवणी लावली. आता वय निघून गेले असे समजायचे का?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून अनेकदा येतो. या वेळी तो विचारणारे गृहस्थ 41 वर्षांचे होते. मेकॅनिकलची पदविका घेऊन चाकण परिसरातील एका सुट्या भागांच्या कारखान्यात शिफ्टप्रमुखाच्या पदापर्यंत पोहोचलेले. बढतीबरोबर सकाळच्या बैठकीत रात्रपाळीचा अहवाल इंग्रजीतून सांगण्याचे काम गळ्यात पडले होते आणि दोन महिने ते काही ना काही निमित्त काढून हाताखालच्या मुलाला पुढे करत होते.

वयाची शंका मी आधी बाजूला काढली. वाढत्या वयाचा परिणाम उच्चारांवर अधिक दिसतो. शब्द आणि वाक्यरचना चाळिशीनंतरही चांगल्या आत्मसात होतात. राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झाले, त्याच वर्षी हे दहावी झाले. म्हणजे त्यांची इंग्रजीशी गाठ पडली ती पाचवीत, आणि तीही फळ्यावरच्या काळांच्या तक्त्यांतून. बोलण्याचा सराव कधी झालाच नव्हता, त्यामुळे तो निघून जाण्याचा प्रश्नही नव्हता.

मग त्यांनी शिकवणीची वही पुढे केली. पानेच्या पाने लाल शाईने भरलेली होती. शिक्षिका तरुण, अभ्यासू आणि अतिशय प्रामाणिक होत्या. घेतलेल्या फीला जागायचे म्हणून एकही चूक त्या सोडत नव्हत्या. मी त्यांना कालचा बिघाड सांगायला लावला. "येस्टरडे मशीन वॉज स्टॉप..." एवढे बोलून ते थांबले आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी काहीच म्हटले नव्हते, पण चूक दाखवली जाईल म्हणून थांबण्याची सवय अंगवळणी पडली होती.

वैयक्तिक शिकवणीत भीड चेपते, असे आपण धरून चालतो. मात्र चाळीस जणांच्या वर्गात मान खाली घालून बसता येते. समोर एकच जण असला की लपायला जागा उरत नाही आणि प्रत्येक शब्दावर पहारा बसतो. सुरुवातीच्या काळात मीही असाच पहारा देत असे, हे कबूल केले पाहिजे.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेन यांनी मनातल्या या पहारेकऱ्याला 'मॉनिटर' असे नाव दिले आहे. शिकलेले नियम मनात तपासनिसाचे काम करतात, पण त्या तपासनिसाला वेळ लागतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या इतर सिद्धान्तांवर बरेच आक्षेप घेतले गेले आहेत. हा एक मुद्दा मात्र माझ्या अनुभवाशी जुळतो. मेल लिहिताना या गृहस्थांना अर्धा तास मिळत होता, म्हणून मेल बरी होत होती. बैठकीत तेवढी उसंत मिळत नव्हती.

त्यांच्या परवानगीने मी शिक्षिकांशी बोलले आणि आम्ही दोन बदल ठरवले. पहिली दहा मिनिटे एकही दुरुस्ती करायची नाही. शिक्षिकांनी टिपून ठेवायचे आणि शेवटी, ज्यांमुळे अर्थच बिघडतो अशा दोनच चुका सांगायच्या. 'अ' आणि 'द' यांचा नाद तूर्त सोडायचा, कारण मराठीत त्यांना नेमका प्रतिशब्द नाही आणि ते गाळले तरी मशीन बंद पडल्याचे ऐकणाऱ्याला कळतेच.

दुसरा बदल वाक्याच्या बांधणीचा होता, आणि खरी अडचण तिथेच होती. "काल रात्री दोनच्या सुमारास तीन नंबर लाइनवरचे मशीन बेल्ट तुटल्यामुळे बंद पडले," या वाक्यात क्रियापद शेवटी येते. हे सबंध वाक्य मनात धरून ते उलटे फिरवायचे आणि मग बोलायचे, ही कसरत ते दररोज करत होते. 'वॉज स्टॉप'मधला 'वॉज' त्याच ओढाताणीत आलेला असावा. म्हणून सर्वांत लहान वाक्य आधी सांगायचे ठरले: 'द मशीन स्टॉप्ड.' मग 'लाइन थ्री.' मग 'अराउंड टू.' मग 'द बेल्ट ब्रोक.' असे तुकडे सुटे सांगितले तरी अहवाल पुरा होतो. ते सांधणे पुढे सावकाश येते. लेखनासाठी हाच अहवाल मोबाइलवर बोलून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी स्वतःच ऐकून पाच ओळींत लिहायचा आणि आपल्या चुका आपणच शोधायच्या. बोलणे आधी आणि लिहिणे नंतर, हा क्रम त्यांना प्रथम विचित्र वाटला.

सहाव्या आठवड्यात ते बैठकीत बोलले. शाफ्टवरच्या चावीच्या खाचेला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, तेव्हा 'द कट फॉर द की' असे म्हणून त्यांनी वेळ निभावली. समोरच्या साहेबांनी 'कीवे' हा शब्द पुरवला आणि बैठक पुढे सरकली. पूर्वी अशा जागी ते गप्प बसले असते.

परवा ते तक्रार घेऊन आले. "मॅडम, आमच्या बाई आता पानावर दोनच खुणा करतात. बाकीच्या चुका काय मी फुकट करतो?" दुरुस्ती सोसण्याइतका धीर आल्याची खूण म्हणून मी ती तक्रार शिक्षिकांना जशीच्या तशी कळवली. पुढच्या सोमवारपासून त्यांच्या वहीत 'अ' आणि 'द' सुरू झाले आहेत.