आठशे वर्षे जगणाऱ्या मानवसदृश परग्रहवासीयांना दोन हृदये आणि हिरवे रक्त दिले, तर ते पटेल का?

आपण विचारले आहे की, आपल्या कादंबरीतील मानवसदृश परग्रहवासी सुमारे ८०० वर्षे जगतात, त्यासाठी आपण त्यांना दोन हृदये आणि तांब्यावर चालणारे हिरवे रक्त दिले आहे. हे जीवशास्त्रात बसेल का, आणि त्यांचे बालपण किती वर्षांचे धरावे. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, तीस वर्षांहून अधिक काळ मोतीबिंदूची ऑपरेशने करीत आलो आहे, आणि नेमक्या याच विषयावरून एका संपादकांशी माझा कडाक्याचा वाद झालेला आहे. म्हणून उत्तर थोडे लांबेल.

दोन हृदये आणि हिरवे रक्त हा वेष झाला, त्याने आयुष्य वाढत नाही. आपल्याच समुद्रातील ऑक्टोपसला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त तांबेयुक्त हिमोसायनिनमुळे निळे असते (तांब्याचे रक्त प्राणवायू मिळाल्यावर निळे होते, हिरवे नव्हे), तरीही त्यातील सर्वांत मोठी जात तीन ते पाच वर्षांत संपते. लांब आयुष्याचा विचार करताना शरीरात काय जास्तीचे घालायचे हा प्रश्न मनात आणूच नये. त्या शरीरात बदलले जात नाही असे काय आहे, हे आधी शोधावे. आपल्या आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते, तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात, कातडी सतत झडत असते. परंतु दातावरचे एनॅमल, मेंदूतील बहुतेक चेतापेशी, स्त्रीच्या अंडाशयातील बीजांडे आणि डोळ्यातील भिंगाचा गाभा या गोष्टी एकदाच मिळतात. शरीराचे वय मोजायचे ते या गोष्टींवरून, आणि माझा अनुभव त्यांतील शेवटच्या गोष्टीचा आहे.

१९९३ च्या हिवाळ्यात माण तालुक्यातील एका शिबिरात मी शस्त्रक्रिया करीत होतो. त्या काळी भिंगाचा कठीण गाभा फोडून शोषून घेण्याची यंत्रे आमच्यासारख्यांच्या हाती नव्हती. बुबुळाच्या कडेने मोठा छेद घ्यायचा, हलका दाब देऊन तो गाभा अख्खा बाहेर काढायचा आणि मग टाके घालायचे, अशी पद्धत होती. एक वृद्ध मेंढपाळ आले होते. वय विचारले तर दुष्काळाच्या साली जन्मलो एवढेच सांगत. माझ्या अंदाजाने ऐंशी उलटून गेलेली होती. मोतीबिंदू चांगलाच पिकू दिला होता. जो गाभा बाहेर आला, तो गडद तपकिरी, गुळगुळीत आणि थेट चिंचोक्यासारखा होता, इतका कठीण की चिमट्याच्या टोकाने दाबला तरी खूण उमटेना. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर त्यांनी डोळ्यातून काढलेले ते पाहायला मागितले. परिचारिकेने गॉजमध्ये ठेवले होते, ते त्यांच्या तळहातावर दिले. त्यांनी विचारले, "डाक्टर, हे माझ्या डोळ्यात कवापास्नं हुतं?" मी सांगितले की याचा अगदी मधला भाग तुम्ही आईच्या पोटात असताना तयार झाला आणि तेव्हापासून तो बदललेला नाही. ते बराच वेळ त्या तपकिरी खड्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मग टाकू नगा. आईच्या हातचं हाय ते."

मी त्यांना सांगितले त्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. भिंग कांद्यासारखे पापुद्र्यांवर पापुद्रे चढत वाढते, नवे पापुद्रे बाहेरून येतात आणि सर्वांत जुने आत दाबले जातात. या पेशी पारदर्शक होण्यासाठी आपले केंद्रक टाकून देतात, त्यामुळे गाभ्यातील क्रिस्टॅलिन नावाची प्रथिने बिघडली तरी तेथे नवी तयार करण्याची सोय उरत नाही. ती हळूहळू ताठर होतात आणि चाळिशीच्या सुमारास जवळचे दिसेनासे होते; आपल्या भाषेत तर त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. पुढे तीच प्रथिने एकमेकांना चिकटून गढूळ होतात आणि मोतीबिंदू येतो. माणूस पुरेसा जगला तर बहुधा हे चुकत नाही. आता आपल्या ८०० वर्षे जगणाऱ्या व्यक्तीला आपल्यासारखेच डोळे असतील, तर शंभराव्या वर्षी ती आंधळी झालेली असेल आणि पुढची सात शतके अंधारात काढेल. त्यांच्या भाषेत चाळिशीला काय म्हणत असतील, हे ज्या लेखकाला ठाऊक नाही, त्याला ते लोक ठाऊक नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या मेंढपाळांच्या वाक्याने मला झोप लागू दिली नाही आणि त्या वर्षभरात मी एक दीर्घ विज्ञानकथा लिहिली. तीत शेकडो वर्षे जगणारी, दिसायला माणसांसारखी एक जमात होती. दर साठ-सत्तर वर्षांनी त्यांचे जुने भिंग विरघळून जाई आणि बुबुळाच्या वरच्या कडेपासून नवे तयार होई. हे व्हायला काही महिने लागत आणि तेवढ्या काळात त्या व्यक्तीला काही दिसत नसे. या काळाला मी 'मिटकाळ' असा शब्द केला होता. मिटकाळात असलेल्या माणसाला वस्तीने हाताला धरून चालवायचे, त्याच्याशी कोणी भांडण उकरून काढायचे नाही, त्याच्या जमिनीचा वा लग्नाचा निर्णय घ्यायचा नाही, असे त्या जमातीचे रिवाज होते. नवे भिंग आल्यावर तो माणूस सर्वांत आधी कोणाचा चेहरा पाहणार, यावरून घराघरात मानापमान होत. त्यांचे सगळे समाजजीवन त्या एका शारीरिक गोष्टीतून उगवले होते.

कथा मी एका दिवाळी अंकाला पाठवली. ती परत आली, सोबत चार ओळींची चिठ्ठी होती, आणि पुढे प्रत्यक्ष भेटीत संपादकांनी तेच मोठ्या आवाजात ऐकवले. त्यांचे म्हणणे असे की, ज्यांना आठशे वर्षांचे आयुष्य लाभले आहे, त्यांना मोतीबिंदूसारखा म्हातारपणाचा आजार कशाला हवा. भिंग पुन्हा उगवते ही तर भाबडी कल्पना झाली. आणि वाचकाला असले शरीरशास्त्र नको असते, त्याला तारे आणि अवकाशयाने हवी असतात. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही, कारण मी कथा लिहिली होती ती वैद्यकीय जाणिवेवर आणि माझ्या हाती दाखवण्यासारखा कागद नव्हता. नंतरच्या वर्षांत कागद येत गेले, ते येथे मांडतो.

१९९९ मध्ये बोहेड देवमाशांच्या वयाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अलास्काच्या शिकाऱ्यांना या देवमाशांच्या अंगात जुनी दगडी भाल्याची टोके सापडत होती आणि वयाविषयी शंका येत होती. ते वय कशावरून काढले असेल? भिंगाच्या गाभ्यावरून. त्या प्रथिनांतील अ‍ॅस्पार्टिक आम्लाची डावी रूपे काळ जाईल तशी उजवी होत जातात, त्याचे प्रमाण मोजून एका देवमाशाचे वय अदमासे २११ वर्षे निघाले. २०१६ मध्ये ग्रीनलंड शार्कवरचा अभ्यास आला. तेथेही भिंगाचाच गाभा घेतला आणि त्यातील किरणोत्सारी कार्बन मोजला. सुमारे पाच मीटर लांबीच्या सर्वांत मोठ्या मादीचे वय ३९२ वर्षे आले, कमी-अधिक १२० वर्षे धरून. म्हणजे पृथ्वीवर सर्वाधिक जगणारे जे पाठीच्या कण्याचे प्राणी आपल्याला माहीत आहेत, त्यांची जन्मनोंद डोळ्यातल्या त्या खड्यातच सापडली. त्या वृद्ध मेंढपाळांना हे सांगायला मी फार उशिरा पोहोचलो.

राहिला 'भाबड्या कल्पनेचा' मुद्दा. न्यूट नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याचे भिंग काढून टाकले तर ते पुन्हा उगवते, आणि तेही परितारिकेच्या (बुबुळातील रंगीत पडद्याच्या) वरच्या कडेच्या रंगद्रव्य पेशींतूनच. ही माहिती एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि माझ्या कथेतील कल्पना तेथूनच आली होती. २०११ मध्ये जपानी न्यूटवरचा जो प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात सोळा वर्षांत अठरा वेळा भिंग काढले गेले होते. अखेरीस ते प्राणी किमान तीस वर्षांचे होते, तरी अठराव्या वेळी आलेले भिंग तरुण न्यूटच्या भिंगाइतकेच चांगले होते. सोळा वर्षांत अठरा वेळा जे होऊ शकते, ते आठशे वर्षांत बारा वेळा होण्यात अशक्य काय आहे, हा माझा त्या संपादकांना आजचा प्रश्न आहे.

आयुष्य मिळाले आणि दुरुस्ती मिळाली नाही तर काय होते, हे आपल्याला कोणी परक्याने सांगण्याची गरज नाही. कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो चिरंजीव आहे, पण त्याची जखम भरत नाही, आणि म्हणूनच त्याचे चिरंजीवित्व हा शाप आहे. आपल्या परग्रहवासीयांच्या प्रत्येक अवयवाला हा प्रश्न लावून पाहावा. दातांचे उदाहरण घ्या. हत्तीला दाढांचे सहा संच मिळतात आणि शेवटचा संच झिजला की म्हातारा हत्ती चारा चावू शकत नाही, उपासमारीने खंगतो. माणसाला तर दोनच वेळा दात मिळतात. आठशे वर्षे भाकरी खाणाऱ्याला शार्कसारखे किंवा मगरीसारखे आयुष्यभर बदलणारे दातच हवेत, आणि मग त्यांच्या मुलांचे दात पडणे हा बालपणीचा कौतुकसोहळा राहणार नाही. कर्करोगाचेही तेच: पेशी जितकी वर्षे विभागत राहतील तितकी चूक होण्याची संधी वाढते. हत्तीत पी-५३ या राखणदार जनुकाच्या वीस प्रती आढळल्या आहेत, माणसात एकच. आपल्या जमातीला अशी काही राखण द्यावी लागेल.

यानंतर एक साधे गणित करून पाहावे, कारण ते बहुतेक लेखक करीत नाहीत. शरीर अजिबात म्हातारे होत नाही असे धरले, तरी पडून, बुडून, मारामारीत माणसे मरतातच. दर वर्षी हजारात एक अशा रीतीने मरत असेल, तर शंभरातील सुमारे ४५ जण ८०० वर्षांचे होतील. शंभरात एक मरत असेल, तर दहा हजारांतील तिघेच तेथवर पोहोचतील. म्हणजे आपला ग्रह धोक्याचा, लढायांचा आणि हिंस्र श्वापदांचा असेल, तर तेथे असे आयुष्य उत्क्रांतीतून उपजणारच नाही. जो प्राणी उद्या कोणाच्या तोंडी जाणार आहे, त्याच्या डोळ्यांची आठशे वर्षांची तजवीज निसर्ग कशाला करील? उंदीर दोन-तीन वर्षे जगतो आणि जेमतेम सात ग्रॅम वजनाचे ब्रँट वटवाघूळ रानात ४१ वर्षांचे झालेले सापडले आहे, याचे मोठे कारण उंदराला खाणारे अनेक आहेत आणि उडून गुहेत लटकणाऱ्याला खाणारे थोडे आहेत, हेच मानले जाते.

बालपणाबद्दल मी आपल्याला अंदाजाचाच आकडा देऊ शकतो. ग्रीनलंड शार्कची मादी सुमारे दीडशे वर्षांची झाल्यावर वयात येते असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे, पण शार्कच्या पिलाला आईने भरवावे लागत नाही. मोठ्या मेंदूच्या, हाता-पायांनी दुबळ्या बाळाला दीडशे वर्षे सांभाळणे कोणत्याही आईला झेपणार नाही. बोहेड देवमासा पंचविशीच्या आसपास वयात येतो आणि मग दोन शतके जगतो. मी तीच रीत धरीन आणि बालपण तीस वर्षांचे ठेवीन. मात्र बाळंतपणे मोजून ठेवावीत. एखादी स्त्री सहाशे वर्षे दर तीन वर्षांनी बाळंत होत राहिली तर तिला दोनशे मुले होतील, आणि ग्रह थोड्याच पिढ्यांत भरून जाईल.

काही गोष्टी मी वर सोडून दिल्या, त्या सांगणे माझे कर्तव्य आहे. ग्रीनलंड शार्क अतिशय थंड पाण्यात, मंद गतीने जगतो, त्यामुळे उष्ण रक्ताच्या मानवसदृश देहाला त्याचा दाखला अर्धाच लागू पडतो. देवमाशाचा अधिक जवळचा आहे. न्यूटला जे जमते ते आपल्या डोळ्याला जमत नाही, आणि का जमत नाही हे पूर्ण उलगडलेले नाही. शिवाय अशांना मोतीबिंदू कशाला हवा, या संपादकांच्या आक्षेपात तथ्य होते, हे आज मान्य करतो: पुढारलेली जमात भिंग बदलण्याची शस्त्रक्रिया करू शकेल, आम्ही आज रोज करतोच आहोत. पण मग ते आयुष्य रुग्णालयाने दिलेले ठरते, जन्माने मिळालेले नाही. आपल्या लोकांचे आयुष्य यांपैकी कोणते, हे आपण पहिल्या प्रकरणाआधी ठरवावे.

हिरवे रक्त फारच प्रिय असेल तर तांब्याचा नाद सोडावा. न्यू गिनीतील स्किंक नावाच्या काही सरड्यांचे रक्त खरोखर हिरवे असते, ते बिलिव्हर्डिन या पित्तरंगामुळे, आणि तेवढे पित्त माणसाला सोसणार नाही. आणि मिटकाळ हा शब्द आपल्या उपयोगी पडत असेल तर अवश्य घ्यावा. तीस वर्षे माझ्या कपाटात पडून आहे.