रकान्यात नसलेलं पुणं

"मॅम, मुंबई बरी की बंगळुरू?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की पुढचं वाक्यही मला माहीत असतं. ऑफर हातात असते, पगारात फारसा फरक नसतो. विचारायचं वेगळंच असतं. कुठे माणसं भेटतील? रात्री उशिरापर्यंत बाहेर राहता येईल का? डेटिंग कुठे सोपं जाईल? हे घरी सांगता येत नाही, म्हणून आई-बाबांपुढे 'ग्रोथ' हा शब्द ठेवला जातो. मी समुपदेशक आहे. मग कुणीतरी माझ्याकडे येतं आणि पहिली वीस मिनिटं तेही ग्रोथबद्दलच बोलतं.

मधुरा अशीच आली. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत, तिच्या परवानगीने लिहिते आहे.) वय तीस, मूळची सांगलीची, सात वर्षं पुण्यात, हिंजवडीत नोकरी. आईचं मत ठाम होतं: "कुठेही जा, पळसाला पानं तीनच." मला हे मत पटत नाही, तेव्हाही पटलं नव्हतं. शहरा-शहरांत खरोखर फरक असतो आणि तरुण मुलीच्या आयुष्यात तो फार मोठा असू शकतो. त्यामुळे मी तिला "आधी मन स्थिर कर, मग शहर बघ" असं काही सांगितलं नाही. म्हटलं, "तुझी तुलना दाखव."

तिने लॅपटॉप उघडला. एक्सेलची शीट, सव्वीस ओळी, दोन शहरांचे दोन रकाने, प्रत्येक ओळीला वेगळं वेटेज. हवा, भाडं, डिपॉझिट, ट्रॅफिक, सुरक्षितता, कॅफे, लाइव्ह म्युझिक, डेटिंग अ‍ॅपवरची माणसं, बार किती वाजेपर्यंत उघडे. अभ्यास खरा होता. बंगळुरूत अजूनही पाच-सहा, काही ठिकाणी दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागतात, हेही तिने टिपलं होतं.

तिसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आलं की बेरीज बदललीय.

"मागच्या वेळी मुंबई पुढे होती ना?"

"हो. मी पावसाळ्याचं वेटेज वाढवलं."

त्याआधी ट्रॅफिकचं वाढवलं होतं, तेव्हा बंगळुरू मागे पडलं होतं. पाच महिने हे चालू होतं. शीट निर्णय घ्यायला मदत करत नव्हती, निर्णय लांबवत होती. पण हे मी बोलून दाखवलं असतं तर ती ओशाळली असती आणि नवी शीट करून आली असती.

म्हणून मी म्हणाले, "एक रकाना वाढव. पुणं."

"पुणं कशाला? पुणं तर सोडायचंच आहे."

"भर तर खरं."

ती भरत गेली. बार बंद व्हायची वेळ: मुंबई दीड, बंगळुरू एक, पुणं दीड. इथे ती पहिल्यांदा थबकली. कॅफे, भरपूर. लाइव्ह म्युझिक, बऱ्यापैकी. नाटकासाठी तिने मुंबईला पृथ्वीमुळे आणि बंगळुरूला रंगशंकरामुळे भरघोस गुण दिले होते. पुण्यापुढे सुदर्शन रंगमंच लिहिताना म्हणाली, "इथे मी एकदाही गेले नाहीये." बेरीज आली. पुणं फक्त काही दशांशांनी मागे होतं.

मी विचारलं, "गेल्या महिन्यात तू रात्री साडेनऊनंतर किती वेळा बाहेर होतीस?"

"एकदाही नाही."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा वेळी न बोलणं हे मी बऱ्याच वर्षांत शिकलेय. पूर्वी मी घाईने पुढचा प्रश्न विचारायचे आणि येऊ घातलेलं उत्तर घालवून बसायचे. या वेळी थांबले. तिने लॅपटॉप मिटला आणि दीड वर्षापूर्वीची गोष्ट सांगितली. टीममधला एक मुलगा तिला आवडायचा. तिने धीर करून विचारलं. तो चांगुलपणानेच म्हणाला, "मी तुला त्या नजरेने कधी बघितलंच नाही." पण पुढच्या आठवड्यात कँटीनमधल्या दोघी-तिघींना ते माहीत होतं. तेव्हापासून ऑफिस ते घर, घर ते ऑफिस.

"तिकडे मला कुणी ओळखत नाही," ती म्हणाली. "तिकडे कुणी नाही म्हटलं तर इथे कुणाला कळणार नाही."

तिला गजबज नको होती. नकाराला साक्षीदार नसतील असं शहर हवं होतं, आणि सव्वीस ओळींत त्याचीच ओळ नव्हती.

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मीही थोडी चुकले होते. ही पळ काढतेय असं मनात धरून बसले होते. पण अनोळखी शहर ही एक खरी सवलत देतं: सिंहगड रोडवरची मावशी नाही, सांगलीपर्यंत बातमी पोचवणारं कुणी नाही. ज्या मुलीने सतत कुणाच्या तरी नजरेखाली दिवस काढलेत, तिने ही सवलत मागितली तर चूक काय?

चूक दुसरीकडे होती, पुढच्या वाक्यात. "निदान तिकडे तरी माझं जमलंच पाहिजे."

मी कागदावर ते वाक्य लिहिलं आणि 'च'भोवती गोल काढला. मराठीत हे एक अक्षर माणसाला किती छळतं, ते माझ्यासारख्या काम करणाऱ्यांना विचारा. 'जमलं तर छान' या वाक्याने माणूस बंगळुरूला जातो. 'जमलंच पाहिजे' म्हणत गेला, तर तिथला प्रत्येक एकटा शनिवार निकालाचा दिवस होतो.

माझ्या कामाचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांचा आहे आणि मी तो अभिमानाने सांगते. हे एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला इतके घाबरायचे की त्यांनी स्वतःलाच कामाला लावलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचं. शंभरेक जणींशी बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. पण भीती गेली, कारण शंभर नकारांनी काहीच मोडत नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

मधुराला मी शंभर नाही, पाच नकार गोळा करायला सांगितले. तेही पुण्यातच, आठ आठवड्यांत. सोबत नाटकाला येतेस का, कॉफीला येतोस का, एवढंच विचारायचं. होकार आला तर तो मोजायचा नाही. पहिल्याच आठवड्यात तिघींना विचारलं, दोघी हो म्हणाल्या, आणि ती वैतागून म्हणाली, "मॅम, नकारच मिळत नाहीयेत!" पाचवा नकार एका मुलाचा होता. त्या रात्री ती एकटीच नाटक बघून रिक्षाने बाणेरला आली. सोसायटीच्या वॉचमनने रजिस्टर पुढे केलं, तिने ११.२० अशी वेळ लिहिली, त्याने फाटक लावून घेतलं. कुणीही काहीही विचारलं नाही. ते रजिस्टरचं पान तिने मला फोटो काढून पाठवलं होतं.

शहर बदलावं की नाही, हे मी तिला कधीच सांगितलं नाही. कसं बघावं ते मात्र सांगितलं, आणि इतरांनाही तेच सांगते.

एक तर, शहराचा जो भाग आपण बघतो तेवढ्यावरच मन अडकतं. १९९८ मध्ये श्केड आणि काहनेमन या संशोधकांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना विचारलं. कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तिथले आणि मध्य-पश्चिमेतले विद्यार्थी आयुष्याबद्दल सारखेच समाधानी निघाले. हवा चांगली होती, पण आयुष्य हवेवर चालत नव्हतं.

मग आयुष्य कशावर चालतं? माझ्या मते मोकळ्या तासांवर. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाच्या अभ्यासात साध्या ओळखीची मैत्री व्हायला पन्नासेक तास लागतात आणि घट्ट मैत्रीला दोनशेच्या वर, असं दिसलं. आठवड्याला तीन तास कुणाबरोबर घालवलेत तर दोनशे तासांना सव्वा वर्ष लागतं. नव्या शहरात चौथ्या महिन्यात "इथे कुणीच नाही" म्हणून रडणाऱ्या मुलांना मी हे गणित मांडून दाखवते, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि हे तास कोण खातं? बार एकला बंद होतो की दीडला, याने फार काही बिघडत नाही. रोजचा दोन-तीन तासांचा प्रवास मात्र सगळं खातो. म्हणून शहर नाही, वस्ती निवडा. गुण द्यायचे वांद्र्याला आणि घर घ्यायचं पनवेलला, किंवा बंगळुरूत नोकरी व्हाइटफील्डला आणि स्वप्नं इंदिरानगरची, असं पुष्कळांचं होतं.

मुलींनी आणखी एक बघावं. शहर दीडला मिटत असलं तरी बऱ्याच पीजीचं फाटक दहा-साडेदहालाच मिटतं. ती वेळ आधी विचारा. स्टेशनपासून घरापर्यंतचं शेवटचं अर्धा किलोमीटर रात्री एकदा चालून बघा. आणि बघायला जाल ते सुट्टी काढून नको. दहा-बारा दिवस तिथूनच काम करा, जमलं तर जुलैत. डिसेंबरात सगळीच शहरं देखणी असतात.

मधुरा जुलैत दोन्हीकडे राहून आली आणि बंगळुरूला गेली. ऑफिसपासून चालत वीस मिनिटांवर घर घेतलं, त्यासाठी इंदिरानगर सोडून दिलं. मधे आठ महिने गेले. परवा तिचा व्हॉइस मेसेज आला, शनिवारी सकाळी कब्बन पार्कमध्ये झाडाखाली पुस्तक वाचत बसणाऱ्यांच्या घोळक्यातून पाठवलेला. शेजारी बसणाऱ्या एका मुलाला तिने कॉफीचं विचारलं होतं. तो नाही म्हणाला होता. ते सांगून झाल्यावर पुढची दोन मिनिटं ती त्याने सुचवलेल्या पुस्तकाबद्दल बोलत होती.