सुट्टीत मुलांना किनाऱ्यावर नेताय? आधी तिथी बघा

किनाऱ्यावरचे जीव दाखवायचे तर तारीख शाळेच्या सोयीने ठरवू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात समुद्र सर्वात मागे जातो. मुंबईच्या बाजूला ही ओहोटी साधारण सकाळी ६ च्या आसपास येते. मेच्या उन्हात याहून चांगली वेळ नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी फारसं हटतच नाही. रोजची ओहोटी सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, हे मुलांना स्वतः नोंदवू द्या. तुमच्या गावातल्या कोळी काकांना नक्की बोलवा. त्यांच्याइतकं कोण सांगणार!

वाळूपेक्षा खडकाळ किनारा निवडा. ओहोटीनंतर खडकांत साचलेल्या एकाच डबक्याशी मुलांना निवांत बसवा, म्हणजे दडलेले संन्यासी खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे) हळूहळू चालू लागतात, समुद्रफुलं (फुलांसारखे दिसणारे प्राणी) उमलतात. नावं पाठ करून घेण्याची घाई नको. दगड उलटलाच तर हलकेच पूर्ववत ठेवायचा, खालचे जीव उन्हात मरतात. रिकामे शंखही घरी न्यायचे नाहीत, ते संन्यासी खेकड्यांना लागतात.

पायात बूट हवेतच, खडकांवरच्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पाय कापतात. शंकूच्या आकाराच्या शंखाला कुणीही हात लावायचा नाही, आतली गोगलगाय विषारी डंख मारते. आणि भरती सुरू झाली की लगेच वर या, मुलं कितीही रमली असली तरी.