ऑनलाइन क्विझ खेळून आठवीचा इतिहास पक्का होतो का?

सनावळ्या होतात. धडा पाचदा वाचण्यापेक्षा स्वतः आठवून दिलेलं उत्तर जास्त टिकतं. पण कहूटसारख्या खेळात लवकर उत्तराला जास्त गुण, म्हणून पोरं प्रश्न पुरता न वाचताच बोट दाबतात.

आम्ही बेळगावात, मराठी माध्यम. तयार प्रश्न शोधून कंटाळलो आणि लेकीलाच बनवायला लावले. १८२४ साली कित्तूरचा दत्तक वारस इंग्रजांनी का नाकारला? १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाचं वेगळेपण काय? (गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव.) चुकीचे पण खरे वाटणारे तीन पर्याय शोधताना धडा दोनदा वाचावा लागला तिला!

कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या प्रश्नाआधी मात्र नंदगडची त्याची समाधी दाखवून आणा, खानापूर तालुक्यातच आहे.